मागच्या आसाचे दंतगुणोत्तर

1. एकच यंत्र, दोन कामे

भिलाईतील पावर हाउस स्थानकाच्या फलाटावर थोडा वेळ थांबणाऱ्या प्रवाशाला एकाच लोहमार्गावरून दोन प्रकारच्या गाड्या जाताना दिसतात. एक, वाघिणींची लांबच लांब माळ ओढत संथपणे जाणारी मालगाडी. दुसरी, हावडा-मुंबई मार्गावरील वेगवान प्रवासी गाडी. त्यांची विद्युत-इंजिने अगदी निराळ्या कुळांतील असावीत, असे वाटते. परंतु भारतीय रेल्वेचे डब्ल्यूएपी-7 हे प्रवासी इंजिन डब्ल्यूएजी-9 या मालवाहू इंजिनावरूनच तयार करण्यात आले. त्या दोहोंतील एक प्रमुख फरक म्हणजे मोटरची गती चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या दंतचक्रांचे गुणोत्तर. दातांचे प्रमाण बदलले आणि ओझ्याचे इंजिन वेगाचे झाले.

स्थानकाबाहेरील ग्रेट ईस्टर्न रोडवर धावणाऱ्या पिकअप गाडीलाही हाच नियम लागू आहे. रायपूर ते दुर्ग हा रस्ता सपाट. त्यावर ती सुखाने धावते. तीच गाडी भरल्या मालासह दल्ली-राजहराच्या खाणींकडील चढणीला किंवा जगदलपूरच्या वाटेवरील केशकाल घाटाला लागली, की चालकाला वारंवार खालचा गिअर टाकावा लागतो. तशात मालकाने मोठे टायर बसविले असतील, तर गाडी अधिकच दमते. मग कोणी सुचवितो, "मागचा क्राऊन-पिनियन बदलून घ्या." ही सूचना कितपत योग्य आहे आणि चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत ती अर्धवट अमलात आणली, तर काय अनर्थ होतो, हे या पाठात पाहावयाचे आहे.

2. आठ दात आणि एकोणचाळीस दात

इंजिनची गती गिअरबॉक्समधून लांब शाफ्टवाटे मागच्या आसापर्यंत येते. शाफ्टच्या टोकाला एक लहान दंतचक्र असते. त्याला पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या दंतचक्राला फिरविते. तो क्राऊन होय. क्राऊनच्या दातांच्या संख्येला पिनियनच्या दातांच्या संख्येने भागले, की आसाचे गुणोत्तर मिळते.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये पिनियनला 8 व क्राऊनला 39 दात होते. 39 ला 8 ने भागता 4.875 येतात, व्यवहारात हे गुणोत्तर 4.88 असे लिहितात. म्हणजे शाफ्टचे जवळजवळ पाच फेरे झाले, की चाकाचा एक फेरा होतो. युद्धानंतर याच जीपचा सीजे-2ए हा नागरी अवतार निघाला. त्याच्याकडून नांगर ओढण्यासारखी शेतीची कामे करून घ्यावयाची होती. म्हणून क्राऊनला 43 दात देण्यात आले, गुणोत्तर 5.375, म्हणजे सुमारे 5.38 झाले. महिंद्र कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे अनेक दशके भारतीय रस्त्यांवर दिसलेली जीप याच घराण्यातील होती.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. निर्मात्यांनी गुणोत्तर बदलले ते पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांचे. तिचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

3. जोर वाढतो, वेग घटतो

समजा, चाकाचा परीघ 2.2 मीटर, म्हणजे त्रिज्या 0.35 मीटर आहे. गाडी वरच्या गिअरमध्ये असून शाफ्टवर 100 न्यूटन-मीटर परिबल येते. घर्षणातील हानी सोडून देऊ.

गुणोत्तर 4.875 असता चाकांवर 487.5 न्यूटन-मीटर परिबल पोहोचेल. त्याला त्रिज्येने भागले, की रस्त्यावर सुमारे 1,393 न्यूटन जोर मिळतो. गुणोत्तर 5.375 असता हाच जोर सुमारे 1,536 न्यूटन होईल.

आता मालासह 2,000 किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी 16 मीटर जाता 1 मीटर उंच होणाऱ्या चढावर आणू. चढाविरुद्ध सुमारे 1,225 न्यूटन आणि चाकांच्या लोटण-विरोधासाठी सुमारे 290 न्यूटन, असा एकूण 1,515 न्यूटन जोर लागेल. पहिल्या गाडीपाशी तो नाही. तिला गिअर उतरवावा लागेल. दुसरी गाडी त्याच गिअरमध्ये, कशीबशी का होईना, चढ चढेल.

परंतु निसर्ग काहीच फुकट देत नाही. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जाताना चाकाचे मिनिटाला सुमारे 303 फेरे होतात. त्यासाठी पहिल्या गाडीचा शाफ्ट मिनिटाला सुमारे 1,480 वेळा, तर दुसरीचा सुमारे 1,630 वेळा फिरेल. वरचा गिअर थेट जोडलेला असल्यास इंजिनलाही तेवढेच फेरे घ्यावे लागतात. जोरात दहा टक्के लाभ झाला, तितकाच भार इंजिनच्या फेऱ्यांवर पडला. ज्या गाडीचे आयुष्य रायपूर-दुर्ग मार्गावरच जावयाचे आहे, तिच्या मालकाने या बदलाने आवाज, झीज व इंधनाचा खर्च मात्र विकत घेतला, असे होईल.

4. मोठ्या टायरांचा हिशेब

गुणोत्तर बदलण्याचे सर्वांत सयुक्तिक कारण म्हणजे मोठे टायर. चाकाचा परीघ 2.2 वरून 2.42 मीटर झाला, की त्रिज्याही दहा टक्क्यांनी वाढते आणि रस्त्यावरील जोर त्याच प्रमाणात घटतो. पूर्वीची स्थिती परत आणावयाची, तर गुणोत्तर तितक्याच पटीने वाढविले पाहिजे. 4.875 ला 1.1 ने गुणिले असता 5.36 येतात, म्हणजे 43 दातांचा क्राऊन येथे बरोबर जुळतो.

वेगमापकाचाही हिशेब असाच आहे. जुन्या जीपमध्ये तो शाफ्टचे फेरे मोजून वेग दाखवितो. टायर तेच ठेवून केवळ 4.88 चे 5.38 केले, तर खरा वेग 40 असता काटा 44 दाखवील. टायर आणि गुणोत्तर एकाच प्रमाणात वाढविल्यास ही चूक जवळजवळ नाहीशी होते.

5. पुढचा आस विसरू नये

आता मुख्य मुद्दा. फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा क्राऊन-पिनियन बदलला, की काम संपते. जीपच्या धाटणीच्या गाडीत मात्र चारही चाके जोडली, की पुढचा व मागचा शाफ्ट ट्रान्स्फर गिअरमध्ये एकमेकांशी पक्के बांधले जातात. एकाचा एक फेरा, तर दुसऱ्याचाही एकच फेरा.

समजा, मालकाने खर्च वाचविण्यासाठी मागे 5.375 बसविले आणि पुढे 4.875 तसेच ठेवले. एक किलोमीटर अंतरात 2.2 मीटर परिघाचे चाक सुमारे 454.5 वेळा फिरते. त्यासाठी मागच्या शाफ्टचे 2,443 फेरे, तर पुढच्या शाफ्टचे 2,216 फेरे व्हावयास हवेत. फरक 227 फेऱ्यांचा आहे. पण शाफ्ट तर एकत्र बांधलेले! मग हा फरक कोठे तरी भरून निघालाच पाहिजे. चिखलात किंवा वाळूत टायर घसरून तो काही अंशी निघतो. कोरड्या, घट्ट रस्त्यावर टायर सहजी घसरत नाहीत. शाफ्ट पिळवटतात, दातांवर ताण साचतो आणि जो भाग सर्वांत दुबळा असेल तो तुटतो.

या दोषाचा कपटीपणा असा की, दोन चाकांवर चालताना तो मुळीच दिसत नाही. पुढचा आस मोकळा असतो. गाडी महिनोन्महिने बिनतक्रार धावते. पावसाळ्यात निसरड्या चढावर, माल भरलेला असता, चालक चारही चाके जोडतो आणि नेमक्या त्याच वेळी ती परस्परांशी झगडू लागतात. ज्या साधनावर त्याने संकटात भिस्त ठेवावी, तेच संकट होऊन बसते. म्हणून नियम एकच: दोन्ही आस बदलावे, नाही तर एकही बदलू नये.

6. गाडी न उघडता मोजणी

जुनी गाडी घेताना दोन्ही आसांची गुणोत्तरे तपासून पाहावी. इंजिन बंद करावे, सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि मागचा आस जॅकने उचलून भक्कम घोडीवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. गाडी न्यूट्रलमध्ये व दोन-चाकी स्थितीत ठेवावी. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक मागच्या शाफ्टवरच काम करतो. म्हणून तो सोडावा लागतो आणि ठोकळ्यांचे महत्त्व आणखी वाढते.

शाफ्टवर व टायरवर खडूची खूण करावी. मागची दोन्ही चाके एकदमच, एकाच दिशेने दहा वेळा फिरवावी आणि शाफ्टचे फेरे मोजावे. सुमारे 49 आले, तर गुणोत्तर 4.88, सुमारे 54 आले, तर 5.38. मग मागची चाके टेकवून त्यांना ठोकळे लावावे आणि पुढच्या आसाची मोजणी याच रीतीने करावी. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत.

7. कारखान्यातील काम

क्राऊन व पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेले असतात. म्हणून ते नेहमी जोडीनेच बदलावे. पिनियन किती आत बसावा हे पातळ शिमांनी ठरविले जाते. बेअरिंगांवरील ताण व दातांमधील सूक्ष्म मोकळीक निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे मोजून घ्यावी लागते. डायल गेजवाचून हे काम होत नाही. शेवटी दातांना रंग लावून ते हाताने फिरवितात. रंगाचा ठसा दाताच्या मध्यभागी उमटला, तर बसवणूक ठीक. कडेला उमटला, तर शिमा पुन्हा बदलाव्या लागतात.

हायपॉइड जातीच्या दातांमध्ये लोटण्याबरोबर घासणेही होते. म्हणून त्यांना अतिदाब सोसणारे गिअर ऑईलच घालावे. पहिल्या प्रवासात ओझे कमी ठेवावे व मधून मधून आसाला थंड होऊ द्यावे. तसेच मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार वाहनातील फेरफारांवर निर्बंध आहेत. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर.

8. अभ्यास

अ. पिनियनला 9 व क्राऊनला 37 दात असल्यास गुणोत्तर किती? चाकाचे 20 फेरे झाले असता शाफ्टचे फेरे किती होतील?

आ. 4.875 गुणोत्तराच्या गाडीचे टायर पाच टक्क्यांनी मोठे केले. पूर्वीचा जोर कायम राखण्यास गुणोत्तर किती हवे? 43 दातांचा क्राऊन येथे योग्य ठरेल काय?

इ. पुढचे व मागचे गुणोत्तर भिन्न असलेली गाडी दोन-चाकी स्थितीत निर्दोष का भासते, ते आकृती काढून स्पष्ट करा.