डोराकेकमधलं पुरण

सांगली

चि. अमेय यास,



त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, "आत्या, राजम्याचा चॉकलेट केक करू का? आत राजमा आहे हे ओवीला कळणारसुद्धा नाही." तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, म्हणून "बघते" म्हणून फोन ठेवला. नंतर तीन दिवस स्वयंपाकघरात तेच बघत होते. फोनवर सांगितलेलं प्रमाण तुझ्या वडिलांच्या कधी लक्षात राहिलं नाही आणि तू त्यांचाच मुलगा, म्हणून हे लिहून पाठवतेय. फ्रिजच्या दारावर लाव.

राजम्याचा केक खुशाल कर. माझी हरकत आहे ती तुझ्या 'कळणारसुद्धा नाही' याला. मुलीला फसवून राजमा एकदा पोटात जाईल. ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवसापासून ती केकसुद्धा उचकून बघेल. तू लहानपणी पातेल्यातलं पुरण बोटानं चाटायचास. आत हरभऱ्याची डाळ आहे हे तुझ्यापासून कुणी लपवलं नव्हतं. उलट आदल्या दिवशी ताटात डाळ घेऊन खडे वेचायला तुलाच बसवायचे. आवडायचं ते गोड होतं म्हणून, आणि डाळीची चव त्यात ओळखू यायची म्हणून. कडधान्याचं गोड करायचं तर त्या कडधान्याची चव पुढे येऊ दे, कोकोच्या पोत्याखाली पुरू नकोस.

आणि राजमा वापरशीलच तेव्हा एक ध्यानात ठेव. रात्रभर भिजव, ते पाणी फेकून दे, आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळून पूर्ण मऊ शिजव. कच्च्या किंवा अर्धकच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं एक प्रथिन असतं. उलट्या-जुलाब व्हायला थोडेसेच दाणे पुरतात. ते जोरदार उकळीनंच जातं. मंद आचेवर तासन् तास कोमट ठेवून जात नाही. आपला कुकर या कामी उत्तम. बोटांत धरून दाबल्यावर दाणा लोण्यासारखा पसरला की झाला.

आता ओवीच्या डोराकेककडे येते. डोरेमॉन टीव्हीवर ते खातो म्हणून ही पोरगी महिनाभर तुझ्या मागे लागलीये, आणि तू तिला बेकरीतून चॉकलेट भरलेलं काहीतरी आणून देतोस. अरे, डोराकेक म्हणजे जपानी डोरायाकी. त्याच्या आत काय असतं ठाऊक आहे का? पुरण! आझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याचं पुरण. तिकडे त्याला अंको म्हणतात. आपली चवळी आणि मूग या आझुकीच्या भावकीतलेच. पुरणात जाडं आणि मऊ असे प्रकारही त्यांच्याकडे आहेत: एकात दाणे थोडे अख्खे ठेवतात, दुसऱ्यात सालं काढून चाळणीतून गाळून घेतात. आपण पुरणयंत्र फिरवतो, ते चाळणीवर घासतात, एवढाच फरक. मला हे कळलं तेव्हा फार गंमत वाटली. पोरगी ज्याच्यासाठी हट्ट करतेय ते तिच्या पणजीला दोन मिनिटांत उमगलं असतं.

मी केलं ते कोकणातल्या बारीक लाल चवळीचं. पहिल्या दिवशी घोळ घातला. वेळ वाचवायला चवळी, गूळ आणि पाणी एकदमच कुकरला लावलं. चार शिट्ट्या, सहा शिट्ट्या, शेवटी नऊ. झाकण काढलं तर चवळी गुळाच्या पाण्यात खड्यांसारखी टणक. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईनं हे करावं! गुळातलं कॅल्शियम आणि त्याचा किंचित आंबटपणा दाण्यातलं पेक्टिन घट्ट धरून ठेवतात, साखर पाणी ओढून घेते, आणि दाणा फुलतच नाही. म्हणून आपल्याकडे पुरणाची डाळ बोटचेपी झाल्याशिवाय गुळाला हात लावत नाहीत. जपानी लोकही आझुकी मऊ शिजल्यावरच साखर घालतात, तीही थोडी थोडी. या सगळ्या पत्रातलं एकच लक्षात ठेवणार असशील तर हे ठेव: आधी दाणा, मग गूळ. सोडा टाकून घाई करू नकोस. त्यानं दाणा मऊ होतो, पण त्यातलं ब-१ जीवनसत्त्व नासतं आणि चवीला साबण लागतो.

दुसऱ्या दिवशी नीट केलं, ते असं. लाल चवळी २०० ग्रॅम, सात-आठ तास भिजवलेली. भिजवलेलं पाणी टाकून दिलं. पोटात वायू धरणाऱ्या साखरा त्या पाण्यात बऱ्याच उतरतात. ताज्या पाण्यात एक उकळी आणून तेही पाणी ओतून टाकलं. जपानी लोक हे करतात, तुरटपणा जातो. मग कुकरला चार शिट्ट्या आणि पाच मिनिटं मंद आच. निथळून जाड बुडाच्या कढईत घेतली, पळीनं ठेचली, मग १०० ग्रॅम चिरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नकोस. त्यानं गोडवा वर येतो आणि गूळ कमी पुरतो. गूळ पडल्यावर सगळं पुन्हा पातळ होईल, घाबरू नकोस, हलवत राहा. तळाशी पळी ओढल्यावर मागे वाट उघडी राहिली आणि कालथा मधोमध उभा राहिला की उतरव. गार झाल्यावर ते आणखी आळतं, म्हणून किंचित सैल असतानाच थांब. वेलची आपण घालतो, जपानी घालत नाहीत. मी घातली.

वरच्या पापुद्र्याला वाटीभर कणीक, एक अंडं (तुमच्याकडे चालतं), लागेल तसं दूध, चमचाभर गूळ, चिमूटभर खायचा सोडा. सरबरीत भिजवून पंधरा मिनिटं ठेव. तव्याला तुपाचं बोट फिरवून ते फडक्यानं पुसून टाक. तूप राहिलं तर डाग पडतात, पुसलं तर एकसारखा तपकिरी रंग येतो. पुरीएवढी लहान धिरडी घाल, वर फुटलेल्या बुडबुड्यांची भोकं दिसली की उलट. दोन धिरड्यांच्या मध्ये मोठा चमचाभर चवळीचं पुरण. कणीक आणि कडधान्य एकत्र आलं की एकातल्या प्रथिनांची उणीव दुसरं भरून काढतं. पुरणपोळीत तरी वेगळं काय आहे?

शेजारच्या पोरांनी खाल्ले. एकानं विचारलं, "आत काय आहे?" "चवळी." त्यानं थांबून एकदा आत बघितलं आणि दुसरा मागितला.

आता रोजच्या डब्याचं. डोराकेक रविवारी ठीक. सकाळी सव्वासातला बस पकडायची असते तेव्हा डाळ्याच्या लाडवांसारखं काही नाही. पंढरपुरी डाळं आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे बेसनासारखं तासभर कढईपाशी उभं राहायला नको. नुकतं आणलेलं घे. दाताखाली कुरकुरीत मोडायला हवं. सादळलेलं असेल तर कढईत पाच मिनिटं गरम करून गार कर, नाहीतर मिक्सरच्या भांड्याला लापशीसारखं चिकटून बसेल. २५० ग्रॅम डाळ्याचं बारीक पीठ, चाळून. १२५ ग्रॅम किसलेला गूळ हातानं चांगला चोळून मिसळ, एक गुठळी राहता कामा नये. वेलची, जायफळ. मग १०० ग्रॅम पातळ, कोमट तूप, थोडं थोडं. मूठ दाबून उघडलीस की गोळ्यावर बोटांचे ठसे दिसले पाहिजेत. भुगा पडला तर तूप वाढवण्याऐवजी अंगठ्याखाली जोर दे. पुरुषाचा हात आहे, वळतील. दुधाचा हबका मारलास तर पटकन वळतात, पण मग दोन दिवसांत संपवावे लागतात. बिनदुधाचे डब्यात पंधरा दिवस छान राहतात.

एवढ्यात लहान वीस लाडू होतात. आता हिशेब कर. डाळ्यात शेकडा बावीसच्या आसपास प्रथिनं, म्हणजे एका लाडवात जेमतेम पावणेतीन ग्रॅम. गूळ सहा ग्रॅम, तूप पाच. हा हिशेब मुद्दाम मांडतेय, कारण फोनवर तू दोनदा 'पौष्टिक' म्हणालास. लाडू पौष्टिक आहे, पण लाडू आहे. तो अंड्याची किंवा वाटीभर उसळीची जागा घेत नाही. बिस्किटाची घेतो, आणि ते काम उत्तम करतो. गूळ म्हणजे साखर नव्हे, ही समजूतही सोड. गुळात थोडं लोह असतं, पण शंभर ग्रॅमांत ऐंशीहून जास्त ग्रॅम साखरच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक बरं. त्यात साखर, गूळ, मध सगळं आलं. ओवीच्या वयाला तेराशे-साडेतेराशे कॅलरी धर. पाच टक्के म्हणजे सतरा ग्रॅमांच्या आसपास. डब्यात एक लाडू, घरी आल्यावर एक, यात ती आरामात बसते. वर दुधात दोन चमचे चॉकलेट पावडर घातलीस की नाही बसत.

तू घरी आणलेला तो 'साखरविरहित प्रोटीन लाडवां'चा डबा मी मागच्या खेपेला उलटा करून वाचला होता. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पहिला घटक खजूर होता. दुसरा मनुका. डाळीचं नाव सहाव्या जागी. खजुरानं गोड केलेलं गोडच असतं, आणि दातालाही जास्त चिकटतं. खजूर वाईट नाही, पण त्याला 'साखर नाही' म्हणून दुप्पट पैसे देऊ नकोस.

बाकीचं थोडक्यात सांगते, तू विचारशीलच. तुझी मडगावची मावशी हरभऱ्याच्या डाळीचं मणगणें करते: शिजलेली पण अख्खी राहिलेली डाळ, साबुदाणा, गूळ, शेवटी नारळाचं घट्ट दूध. दूध घातल्यावर उकळू द्यायचं नाही, फाटतं. फार सुंदर, पण डब्यात न्यायची वस्तू नव्हे. त्याच दिवशी संपवायची. हुलग्याचं माडगं थंडीत कर. भाजलेल्या हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, गूळ आणि सुंठ, गरम गरम प्यायचं. आमच्याकडे बाळंतिणीला देतात आणि बैलांनाही हुलगेच चारतात, त्यामुळे तुझे आजोबा माडग्याला हसायचे आणि दोन वाट्या प्यायचे. ओवीला पहिल्या दिवशी आवडणार नाही. हुलग्याचा वास उग्र, खोटं कशाला सांगू. अर्धी वाटी दे आणि परत आठवड्यानं दे.

एक गोष्ट मात्र माझं ऐकून कर. हे सगळं ओवी झोपल्यावर उरकू नकोस. तिला चवळी भिजवू दे. सकाळी दाणा फुगून दुप्पट झालेला तिला दाखव. एक दाणा कच्चा आणि एक शिजलेला दाबून बघू दे, कालथा पुरणात उभा राहतो का ते तिलाच तपासू दे. लाडू वाकडे वळले तर वाकडे. ज्या मुलीनं कालथा उभा केलाय तिच्यापासून चवळी लपवायची वेळ येत नाही.

तुझ्या आजीचं पितळी पुरणयंत्र माळ्यावरून काढून चिंचेनं घासून ठेवलंय. पुढच्या खेपेला ने. जाळ्या दोन आहेत, बारीक जाळी चवळीला. सोबत अर्धा किलो लाल चवळी पाठवतेय. पावसाळ्यापूर्वी संपव, नाहीतर टोके पडतील.

तुझी,
आत्या

ता.क. गूळ विकत घेताना पिवळाधमक बघून भुलू नकोस. गडद तपकिरी घे.