वरळी गावात जायचं तर पंचांग बघून

व्हेनिसला जाण्याआधी पुण्याच्या चार मैत्रिणींनी तिथले नियम बारकाईने वाचले होते. मुक्काम न करता दिवसापुरतं येणाऱ्यांवर त्या शहराने एप्रिल 2024 पासून, गर्दीच्या ठरावीक दिवसांसाठी, 5 युरोंचं शुल्क बसवलं. सान मार्को चौकात जमिनीवर बसून खाल्लं तर दंड, कबुतरांना दाणे टाकले तर दंड, कालव्यात पोहायला उतरलं तर दंड. जुन्या शहरात आता पन्नास हजारांहून कमी माणसं राहतात. जी राहतात त्यांना आपल्या गल्लीतून धड चालता यावं, यासाठी ही सगळी खटपट. चौघींनी ते नियम मनापासून पाळले.

पुढच्या जूनमध्ये त्यांनी दादरला दोन दिवस मुक्काम केला आणि एक दुपार वरळी कोळीवाड्यासाठी राखून ठेवली. तिथे पाटी नव्हती, तिकीट नव्हतं, म्हणून नियमही नसतील असं त्यांनी गृहीत धरलं. त्यातून जे झालं ते त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, ते पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगाचं आहे.

पहिली गफलत महिन्याची. 1 जून ते 31 जुलै हा राज्यात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदीचा काळ. माशांचा विणीचा हंगाम आणि खवळलेला दर्या, दोन्ही त्याला कारण. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, बंदर शांत. होडीतून उतरणारं ताजं म्हावरं बघायला आलेल्या मैत्रिणी मग गल्ल्यांतून फिरू लागल्या. एका उंबऱ्यावर आजी जवळा निवडत बसल्या होत्या. एकीने फोन काढून टिपलाच तो क्षण. आजी ओरडल्या नाहीत. "इचारून काढ ना बाय, घर हाय आमचा," एवढंच म्हणाल्या.

घर, हाच इथला मुद्दा आहे. कोळीवाड्याची गल्ली ही घराचं अंगण असते. तिथेच मासे निवडले जातात, तिथेच पोरं खेळतात, तिथेच दुपारी दोन घटका डोळा लागतो. वरळी हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक, आणि बेटाच्या उत्तर टोकाला असलेलं हे गाव शहराहून जुनं. गावाच्या काही भागाला झोपडपट्टी ठरवण्याच्या हालचाली झाल्या तेव्हा रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला. अशा ठिकाणी "स्लम टूर" हा शब्द हसत उच्चारणाऱ्या पाहुण्याकडे लोक कसे बघतील, हे वेगळं सांगायला नको.

गावातून चढून मैत्रिणी वरळीच्या किल्ल्यावर गेल्या. अनेक जण त्याला पोर्तुगीज समजतात, पण हा इंग्रजांनी 1675 च्या सुमारास, माहीमच्या उपसागरावर नजर ठेवायला बांधलेला छोटा किल्ला. आत विहीर आहे, छोटं देऊळ आहे, घंटेचा मनोरा आहे, आणि तटावरून 2009 मध्ये सुरू झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो. इथे एकीने पिशवीतून ड्रोन काढला. तो उडण्याआधीच गावातल्या एका काकांनी थांबवलं, हे तिचं नशीब. मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात, आणि वरळीत तर नौदलाचा आयएनएस त्राता हा तळ आहे, तटरक्षक दलाचं कार्यालयही आहे. ड्रोन घरीच ठेवावा, हे बरं.

खरा धोका पुढे होता. संध्याकाळी पाणी बरंच मागे गेलेलं पाहून दोघी खडकांवर उतरल्या. मुंबईचे खडक दिसतात तेवढे साधे नसतात. त्यांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या शिंपांच्या कडा पात्यासारख्या धारदार. एकीचा शेवाळावरून पाय घसरला, तळवा चिरला आणि ती सावरेपर्यंत मागच्या खाचेत पाणी भरायला लागलं होतं. गावातल्या दोन पोरांनी हात धरून वर घेतलं. एका मावशीने जखम स्वच्छ धुऊन फडकं बांधलं, आणि मगच रागावली.

त्या दिवशी वटपौर्णिमा होती. हे एवढं लक्षात घेतलं असतं तरी पुरे होतं. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला पाणी संध्याकाळी पाच-साडेपाचला सगळ्यात मागे असतं आणि तिथून फिरतं. शिवाय ते दिवस उधाणाचे, पाणी लांब जातं तसंच जोरात परत येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिचा पसारा कमी. पावसाळ्यात मात्र कुठल्याही तिथीला खडकांवर उतरू नये.

वरळीला पाहण्यासारखं खूप आहे, पण ते कुणीतरी समजावून दिल्याशिवाय दिसत नाही. गावच्या क्लीव्हलँड बंदराचंच घ्या. नवख्याला तिथे चार होड्या आणि मागे पूल दिसतो. हा पूल मुंबईच्या किनारा रस्त्याचा. तो रस्ता आखला तेव्हा पुलाच्या खांबांमध्ये 60 मीटर अंतर धरलं होतं. एवढ्या फटीतून, वाऱ्यालाटांत होडी खांबावर आपटेल, असं इथल्या मच्छीमारांचं म्हणणं होतं. त्यांनी 200 मीटर मागितले, काम अडवलं, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा 2022 च्या अखेरीस पालिकेने 120 मीटर मान्य केले. मार्च 2024 मध्ये त्या रस्त्याचा पहिला टप्पा सुरू झाल्यापासून हजारो गाड्या त्यावरून जातात. खालून होडी कशी बाहेर पडते, हे बघायला बंदरावरच उभं राहावं लागतं. मुंबईच्या कुठल्याही स्मारकापेक्षा ते दृश्य जास्त शिकवतं.

जाणाऱ्यांनी मग काय करावं? ऑगस्टनंतर जावं, नारळी पौर्णिमा झाल्यावर, आणि सकाळी जावं. दादरहून मेट्रो 3 ने वरळी स्थानक गाठून पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी. स्वतःची गाडी गावाबाहेरच ठेवावी, कारण गल्लीत ती अडकली की गावाचा रस्ता बंद. चौघांहून अधिक जण एकदम शिरू नयेत. गोलफादेवीच्या देवळात कौल लावण्याची प्रथा आहे, लोक मनातला प्रश्न देवीपुढे ठेवतात. तसं काही चालू असेल तर कॅमेरा आत, आवाज खाली.

गावात कुणी ओळखीचं असेल तर आधी फोन करावा. नसेल तर किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेल्या दादांना सरळ विचारावं, फिरलं तर चालेल का? बहुतेक वेळा नुसतं "या" येतं, त्याबरोबर चहाही. आणि मासे विकणाऱ्या मावशीकडे घासाघीस करत अर्धा तास उभं राहून रिकाम्या हाताने निघू नये. निदान वाटाभर मांदेली घ्यावी. पिटुकली पापलेटं मात्र मागू नयेत. पापलेट 2023 पासून राज्याचा मासा आहे, आणि पिलंच बाजारात आली तर पुढच्या हंगामात जाळ्यात काय येणार, ही चिंता गावाला आपल्याहून जास्त आहे.