घराण्यातील मधुमेह : वैद्यकीय वाङ्मयाचा शोध आणि बोध

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी महाराष्ट्रात परिचित आहे. दौंड-सोलापूर लोहमार्गावरील या गावी कुंकू तयार करण्याचा व्यवसाय परंपरेने चालत आला आहे. हळद जात्याच पिवळी असते. तिच्यावर क्षाराचा संस्कार घडला म्हणजे ती लाल होते. क्षार नसेल तर हळद ही हळदच राहते आणि हळद नसेल तर नुसत्या क्षाराचे कुंकू होत नाही. आनुवंशिक रोगांचा विचार करताना हा घरचाच दृष्टान्त उपयोगी पडतो. आईवडिलांकडून मिळालेले बीज आणि त्यावर घडणारे परिस्थितीचे संस्कार या दोहोंच्या संयोगातून बहुतेक मधुमेह उद्भवतो. काही थोड्या घराण्यांत मात्र बीजच इतके प्रभावी असते की, त्याला संस्काराची फारशी अपेक्षा राहत नाही. हे दोन प्रकार वेगळे ओळखता येणे हा केवळ विद्वत्तेचा प्रश्न नाही. त्यावर रुग्णाचा औषधोपचार अवलंबून असतो.

‘आमच्या घराण्यातच साखर आहे’ हे वाक्य आज खेड्यापाड्यांतूनही ऐकू येते. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून, आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या मोठ्या संख्येत ‘घराण्यातील साखर’ या एकाच नावाखाली निरनिराळे विकार एकत्र नांदत असतात. त्यांची निवड करण्याचे साधन म्हणजे नीट विचारलेला कौटुंबिक इतिहास आणि त्याला वैद्यकीय वाङ्मयाच्या शोधाची जोड.

प्राचीनांची दृष्टी

ही निवड करण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. मातापित्यांच्या बीजदोषामुळे होणारा तो ‘सहज’ आणि अहितकर आहारविहारामुळे होणारा तो ‘अपथ्यनिमित्तज’. पहिल्या प्रकारचा रोगी कृश, तर दुसऱ्या प्रकारचा स्थूल असतो, असे निरीक्षणही तेथे नोंदविले आहे. रक्तातील शर्करा मोजण्याचे कोणतेही साधन नसताना केवळ रोग्याची शरीरयष्टी व त्याचे कुळ पाहून केलेली ही विभागणी आजच्या अभ्यासकासही विचारप्रवृत्त करते.

आधुनिक शास्त्राची विभागणी

आधुनिक वैद्यकात मधुमेहाचे स्थूलमानाने तीन गट आनुवंशिकतेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. तो बहुधा लहान वयात व एकाएकी प्रकट होतो आणि त्याला इन्सुलिनवाचून तरणोपाय नसतो. घराण्यात तो पूर्वी कोणाला झालेला असेलच असे नाही. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह सर्वांत अधिक आढळतो. त्यामागे एक नव्हे, तर अनेक जनुके असतात आणि प्रत्येकाचा वाटा अल्प असतो. आहार, श्रम, वजन आणि गर्भावस्थेतील पोषण यांच्या संस्काराने तो प्रकट होतो.

तिसरा गट एकाच जनुकातील बदलामुळे होणाऱ्या मधुमेहाचा. एकूण रुग्णांत त्याचे प्रमाण अत्यल्प असले तरी खरा ‘घराण्याचा मधुमेह’ तो हाच. ‘मॅच्युरिटी ऑनसेट डायबेटिस ऑफ द यंग’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘मॉडी’ असे म्हणतात. तो साधारणतः पंचविशीच्या आत दिसू लागतो. आजोबा, वडील, मुलगा अशा ओळीने पिढ्यांमागून पिढ्यांत उतरतो. आई किंवा वडील यांपैकी एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. रॉबर्ट टॅटरसॉल या ब्रिटिश वैद्याने १९७४ साली अशा तीन कुटुंबांचे वर्णन केले. १९९२ साली ग्लुकोकायनेज या जनुकाचा आणि १९९६ साली आणखी दोन जनुकांचा या रोगाशी असलेला संबंध सिद्ध झाला. भारतात चेन्नई येथील मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने या विषयात मोलाचे काम केले आहे.

निदानाने काय साधते?

ग्लुकोकायनेजच्या बदलामुळे रक्तातील शर्करा जन्मापासून किंचित वाढलेली असते. परंतु ती फारशी चढत नाही आणि सामान्यतः औषधाची गरज पडत नाही. अशा माणसास वर्षानुवर्षे गोळ्या देत राहणे निरर्थक ठरते. मॉडीच्या दुसऱ्या एका प्रकारात सल्फोनिलयुरिया वर्गातील जुन्या व स्वस्त गोळ्या अल्प मात्रेतही उत्तम काम करतात. त्या रुग्णास पहिल्या प्रकारचा मधुमेही समजून इन्सुलिनची टोचणी लावलेली असल्यास निदान बदलताच उपचारही बदलू शकतो.

याहूनही हृद्य उदाहरण नवजात अर्भकांचे आहे. वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत दिसणारा मधुमेह हा बहुधा पहिल्या प्रकारचा नसून एकाच जनुकाच्या बदलामुळे होतो. २००४ साली इंग्लंडमधील एक्सेटर येथील अँड्र्यू हॅटर्स्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागील एक प्रमुख जनुक दाखवून दिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बदलाच्या ४९ रुग्णांना इन्सुलिनऐवजी गोळ्या देऊन पाहण्यात आले. त्यांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन पूर्णपणे बंद करता आले. एका लेखातील या एका आकड्यामुळे कित्येक बालकांचे आयुष्य बदलले. मात्र हा बदल तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व जनुकीय तपासणीनंतरच करावयाचा असतो. पहिल्या प्रकारच्या रुग्णाने आपल्या मनाने इन्सुलिन थांबविले तर ते प्राणावर बेतते, हे प्रत्येक कार्यकर्त्याने पक्के ध्यानात ठेवले पाहिजे.

महाराष्ट्रातील संशोधन

या विषयातील एक महत्त्वाचे संशोधनकेंद्र महाराष्ट्रातच आहे. इंग्रजी आद्याक्षरे टाकून केमविषयी वैद्यकीय वाङ्मयात शोध घेणाऱ्यास गावाऐवजी के. ई. एम. रुग्णालयाचे नाव समोर येते, हा योगायोग गमतीचा खरा, पण उद्बोधकही आहे. या नावाची दोन रुग्णालये आहेत, एक पुण्यातील १९१२ सालचे व दुसरे मुंबईतील १९२६ सालचे. मधुमेहावरील येथे उल्लेखिलेले संशोधन पुण्याच्या रुग्णालयातील आहे. लेखकांचे व संस्थेचे पूर्ण नाव आणि शहर पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हा शोधविद्येचा पहिला धडा यातून मिळतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांतील स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. २००३ साली त्यांनी या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांशी केली. आपल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर तेथील बालकांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम होते. वजन, स्नायू व पोटातील अवयव यांत आपली बालके मागे होती. परंतु त्वचेखालील चरबी त्यांनी त्या मानाने राखलेली होती. दिसावयास कृश, पण आतून स्निग्ध अशी ही शरीररचना पुढे मधुमेहास अनुकूल ठरते. २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेत स्वतःच्याच शरीराचे मोजमाप प्रसिद्ध केले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन माणसे आतून किती भिन्न असू शकतात, याचा हा बोलका पुरावा होय.

२००८ साली याच खेड्यांतील सहा वर्षांच्या मुलांविषयीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला होणारा अवरोध सर्वाधिक आढळला. जनुकांचा अभ्यासही पुण्यात झाला. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी निगडित असलेले एक जनुक युरोपीय वंशाच्या लोकांत २००६ साली आढळले होते. त्याचा प्रभाव भारतीयांतही असल्याचे २००७ साली दिसून आले. २०२० साली पुण्याचे के. ई. एम. रुग्णालय, हैदराबादचे पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र आणि एक्सेटर विद्यापीठ यांनी आणखी एक प्रश्न तपासला. अनेक जनुकांचे गुण एकत्र मोजून पहिल्या प्रकारचा मधुमेह ओळखण्याची युरोपात तयार झालेली पद्धत भारतीयांना लागू पडते काय? ती उपयोगी पडते, परंतु भारतीयांच्या स्वतंत्र माहितीने ती अधिक अचूक करावयास हवी, असे उत्तर मिळाले. परदेशी लेखातील निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या गावास लावू नये, याचे कारण येथे स्पष्ट होते.

शोध कसा घ्यावा?

अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची सूची सुरू केली. सव्वाशे वर्षे अभ्यासकांनी तिचे जाडजूड खंड चाळले. २००४ साली तिचे मुद्रण थांबले. तोवर तिची जागा संगणकावरील ‘मेडलाइन’ व १९९६ साली सुरू झालेल्या ‘पबमेड’ या सूचीने घेतली होती. पबमेड सर्वांना विनामूल्य खुली आहे. लेखांचे सारांश तेथे वाचता येतात आणि कित्येक लेख संपूर्णही मिळतात. आनुवंशिक विकारांसाठी व्हिक्टर मॅक्युसिक यांनी १९६६ साली सिद्ध केलेला कोश आज ‘ओमिम’ या नावाने संगणकावर उपलब्ध आहे. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून केंद्र शासनाच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. शासकीय महाविद्यालयातील अध्यापक व विद्यार्थी यांनी या सोयीचा लाभ गावापर्यंत पोहोचवावयास हरकत नाही.

शोधाची सिद्धी प्रश्नाच्या मांडणीवर अवलंबून असते. ‘घराण्यातील साखर’ एवढेच विचारल्यास हजारो लेखांचा ढीग पुढे येतो. प्रश्नाचे चार भाग करावेत : रोग कोणत्या वयात दिसला, घरातील कोणाकोणास आहे, शरीरयष्टी कशी आहे आणि उपचार कोणता चालू आहे. ‘वीस वर्षांचा सडपातळ तरुण, वडील व आजी यांनाही तरुणपणीच मधुमेह’ अशी मांडणी झाली की शोध आपोआप मॉडीकडे वळतो. लेख हाती आल्यावर तो प्राण्यांवरील प्रयोगाचा आहे की माणसांवरील, रुग्ण किती होते, तुलना कोणाशी केली, लोक कोणत्या देशातील होते आणि इतरांनाही तोच निष्कर्ष मिळाला काय, हे पाहावे. एका लेखापेक्षा अनेक अभ्यासांचा साकल्याने घेतलेला आढावा अधिक विश्वसनीय असतो. ‘मधुमेह मुळापासून घालवितो’ अशी हमी देणाऱ्या जाहिरातीस या कसोट्या लावल्या की तिचे खरे स्वरूप उघडे पडते.

गावपातळीवरील कर्तव्य

तीस वर्षांवरील व्यक्तींची जी तपासणीसूची आशा कार्यकर्ती घरोघर भरून घेते, तीत कुटुंबातील मधुमेहाविषयी प्रश्न असतो. त्याचे उत्तर ‘होय’ अथवा ‘नाही’ असे मिळते. परंतु खरा उलगडा त्यापुढच्या प्रश्नात आहे : ‘कोणत्या वयात?’ आजोबांना सत्तरीत झालेला मधुमेह आणि मुलीला अठराव्या वर्षी झालेला मधुमेह यांचे मोल सारखे नाही. शिवाय तीस वर्षांखालील तरुण या सूचीच्या कक्षेबाहेरच राहतात. म्हणून ज्या घरी तरुणपणीच मधुमेह झाला असेल, त्या घराची तीन पिढ्यांची वंशावळ एका कागदावर काढून ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे ठेवावी. कागद, लेखणी आणि अर्धा तास यांखेरीज त्यास काही लागत नाही.

शिक्षकांची दृष्टीही मोलाची आहे. एखादे मूल वारंवार पाणी मागू लागले, लघवीस जाऊ लागले आणि रोडावत चालले, तर त्यास त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावे. सहा महिन्यांच्या आतील बालकात मधुमेह आढळल्यास जनुकीय तपासणीचा आग्रह धरावा.

एक दक्षता मात्र सर्वांनी घ्यावयाची आहे. वंशावळ हा घराचा खाजगी कागद होय. तो चावडीवर चर्चेस येता कामा नये. मधुमेही घराण्यातील मुलीचे लग्न अडल्याची किंवा सुनेच्या माहेरास दोष दिल्याची उदाहरणे समाजात घडतात. शास्त्र असे सांगते की, जनुकांचा वारसा आई व वडील या दोघांकडून येतो आणि मातेच्या पोषणातील उणीव हा तिचा दोष नसून कुटुंबाची व समाजाची जबाबदारी आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांनी दिलेल्या माहितीने हे ज्ञान जगापुढे आले. ते पुन्हा खेड्यांतील मातांच्याच उपयोगी पडावे, हे न्यायाचे आहे.

घराण्याकडून आलेली हळद कोणास बदलता येत नाही. तिच्यावर कोणता संस्कार व्हावा हे पुष्कळ अंशी आपल्या हाती असते. आणि जेथे ते आपल्या हाती नसते, तेथे अचूक निदान तरी हाती असते. त्याचा आरंभ ‘कोणत्या वयात?’ या दोन शब्दांच्या प्रश्नाने होतो.