दुसरा ब्रिज जोडण्याआधी

मिरज, अक्षय्य तृतीया

चि. मुक्ता,

फोटो मिळाला. हीटसिंकवर चार मॉसफेट, त्यातल्या दोघांची पोटं फुटलेली, आणि खाली तुझं वाक्य : 'मामा, एक ब्रिज पुरत नाही, दुसरा पॅरलल टाकते.' ताईनं फोटो पाहून एवढंच विचारलं, की पोरीचे हात धड आहेत ना. आहेत, असं मी ठोकून दिलं. ते खरं असल्याचं तू स्वतः तिला कळव.

ब्रिज उडतो म्हणून दुसरा लावायचा, हे मला पटलेलं नाही. आयआरएफपी-४६० हा ५०० व्होल्ट, २० अँपिअरचा नग. २३० व्होल्टची वीज रेक्टिफाय केलीस की बसवर ३२५ व्होल्ट येतात, म्हणजे व्होल्टेजला जागा आहे. टेस्ला कॉइलच्या वीतभर ठिणगीला चारांचा एक ब्रिज पुष्कळ झाला. तुझे नग भारानं मेलेले नसावेत, चुकीच्या वेळी स्विच झाल्यानं मेलेले असावेत. तू ठरावीक फ्रिक्वेन्सीचा ऑसिलेटर लावला आहेस. ठिणगी लांबली की कॉइलची कपॅसिटन्स वाढते, रेझोनन्स खाली सरकतो, आणि ऑसिलेटर मात्र जागेवरच उभा. मग करंट शून्याजवळ असताना व्हायचं स्विचिंग भर करंटात होतं. मॉसफेटमधला बॉडी डायोड आळशी, बंद व्हायला निम्मा मायक्रोसेकंद घेतो, आणि तेवढ्यात समोरचा मॉसफेट चालू झालेला असतो. पुढचं तुझ्या फोटोत आहेच. सेकंडरीच्या बुडाची तार एका छोट्या करंट ट्रान्सफॉर्मरमधून ने आणि तिच्याकडूनच ड्राइव्हला ठेका घे. कॉइल सरकली की ड्राइव्हही सरकेल.

हे करूनही, गेटची वेव्हफॉर्म स्वच्छ असतानाही, हीटसिंक हात ठेववणार नाही इतका तापत असेल, तर दुसऱ्या ब्रिजचा विषय काढ. तोही मे महिन्यातल्या चेन्नईच्या हिशोबानं. डेटाशीटमधला चालू अवस्थेतला रोध, ०.२७ ओहम, हा २५ अंशांचा आकडा आहे. तुमच्याकडे आता कत्तिरी, म्हणजे अग्निनक्षत्राचा कडक उन्हाळा लागेल, खोलीतच चाळीस. नग दीडशे अंशांवर गेला की तो रोध दुपटीहून जास्त होतो.

गंमत म्हणजे पॅरललला हाच दुर्गुण उपयोगी पडतो. जोडीतला जो मॉसफेट जास्त तापेल त्याचा रोध वाढतो आणि ओढ आपोआप दुसऱ्यावर जाते. दमलेल्या बैलानं खांदा ढिला सोडावा तसं. जुन्या पंच-थ्रू जातीच्या आयजीबीटीत उलट होतं, तापलेला आणखी ओढतो. पण ही समजूतदारी फक्त चालू अवस्थेतली. चालू-बंद होण्याच्या क्षणी मॉसफेट एकमेकांचं काही ऐकत नाहीत.

हे मी चेन्नईच्या अंबत्तूरला शिकलो, आठ नग घालवून. आमच्या वर्कशॉपात इंडक्शन हीटर बनत. एकाला ताकद कमी पडली म्हणून मी शेजारी दुसरा ब्रिज बसवला आणि आउटपुट सरळ एकत्र बांधलं. पहिल्या ब्रिजला ड्राइव्ह वीतभर तारेनं, दुसऱ्याला हातभर तारेनं, कारण डब्यात जागा तशीच होती. दुसरा ब्रिज काही नॅनोसेकंद उशिरा उठायचा. नॅनोसेकंदानं काय होतं, असं मला वाटलं होतं. कर हिशोब : एक ब्रिज वर गेलाय, दुसरा अजून खाली, मध्ये ३२५ व्होल्टचा फरक आणि जोडतारेचं इंडक्टन्स समजा १०० नॅनोहेन्री. करंट दर नॅनोसेकंदाला सव्वातीन अँपिअर चढतो. वीस नॅनोसेकंदात पासष्ट. हा कॉइलकडे जातच नाही, दोन ब्रिज आपसातच तो फिरवत बसतात.

त्याच वाटेत दोन मायक्रोहेन्री असते तर पासष्टाऐवजी सव्वातीनच अँपिअर झाले असते. म्हणून आउटपुट सरळ बांधू नकोस. दोन्ही ब्रिजच्या तारा एकाच फेराइट रिंगमधून उलट दिशांनी ने आणि पलीकडे जोड. करंट सारखे असतील तर रिंगेत चुंबकत्व उरत नाही, तफावत झाली की रिंग अडवते. ड्राइव्हच्या तारा मात्र मोजून सारख्या. प्रत्येक गेटला स्वतःचा पाच-दहा ओहमचा रेझिस्टर, नाहीतर गेट आपसात शिट्ट्या घालतात. प्रत्येक ब्रिजच्या अगदी अंगाला त्याचा स्वतःचा फिल्म कपॅसिटर. जाड तारेचा मोह नको : तीनशे किलोहर्ट्झला करंट तांब्याच्या वरच्या ०.१२ मिलिमीटरमध्येच धावतो. रुंद पट्ट्या घे, मध्ये इन्सुलेशन घालून चिकटवून ठेव. पेरांबूरच्या आयसीएफमध्ये घडलेल्या, २००७ पासून मुंबईत आलेल्या ज्या लोकलनं तू इकडे आलीस की दादरला उतरतेस, तिच्या मोटारींनाही आयजीबीटीच्याच इन्व्हर्टरमधून वीज जाते. तशा मोठ्या यंत्रांतही बसबार पट्ट्यांचेच असतात.

नग घ्यायला तुमच्या रिची स्ट्रीटला जाशील. तिथे असो की आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, जुन्या नगावर नवा नंबर छापलेला माल कुठेही पदरात पडू शकतो. गरजेपेक्षा जास्त नग घे. गेट आणि ड्रेन जोडून २५० मायक्रोअँपिअर सोड आणि व्होल्टेज मोज. दोन ते चार व्होल्टमध्ये कुठेही चालतं, पण जोडी जवळजवळच्या आकड्यांची लाव.

पहिली चाचणी तीस व्होल्टवर. मग डिमरस्टॅटनं हळूहळू चढव, मालिकेत शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब ठेवून. स्कोपची ग्राउंड क्लिप आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय ब्रिजला लावू नकोस. बसवरचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही ५३ ज्यूल धरून बसतो. त्याला ब्लीडर रेझिस्टर कायमचा लाव आणि तरीही मीटरनं बघितल्याशिवाय हात घालू नकोस. ठिणगीला बोट लावून मित्रांना चकित करणारे असतात. झटका जाणवत नाही म्हणून त्यांना वाटतं काही होत नाही, पण कातडीखाली भाजतं. आणि एकटीनं रात्री नको. हे ताईसाठी लिहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. तुझी कॉइल २४० किलोहर्ट्झला लागते म्हणालीस. चौकोनी वेव्हचा तिसरा हार्मोनिक बरोबर ७२० वर पडतो, आणि ७२० किलोहर्ट्झ म्हणजे चेन्नई आकाशवाणीचं 'ए' केंद्र. शेजारच्या आजोबांचा रेडिओ गुरगुरायच्या आत टॉपलोड थोडा मोठा करून खाली सरक.

पुढच्या वेळी फुटलेल्या मॉसफेटचा फोटो नको. चारही गेटच्या वेव्हफॉर्मचे फोटो पाठव, एकाच टाइमबेसवर.

तुझा,
मामा