ऑनलाइन अध्ययनातील ‘अंतर’ आणि मराठी सर्वनामे

प्रास्ताविक



मागील घटकात आपण मराठी सर्वनामांची व्यवस्था पाहिली. तीच सर्वनामे आणि त्यांच्याबरोबर येणारी क्रियारूपे अध्यापनाच्या व्यवहारात कोणते कार्य करतात, याचा विचार या घटकात करावयाचा आहे. त्यासाठी साहित्यकृतींतील उतारे घेतलेले नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर वाचलेली सूचना, ध्वनिचित्रफितीतील व्याख्यान, तपासून परत आलेल्या स्वाध्यायावरील शेरा अशी तुमच्या रोजच्या अनुभवातील उदाहरणे घेतली आहेत. नोकरी, शेती, घर सांभाळून रात्री अभ्यासाला बसणारा प्रौढ विद्यार्थी मध्येच थांबतो, तेव्हा तो बहुधा स्वतःलाच दोष देतो. ‘आता वय झाले’, ‘डोक्यात शिरत नाही’ ही त्याची वाक्ये. त्या दोषाचा काही वाटा त्याच्याशी बोलणाऱ्या भाषेकडेही जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अंतर कशाचे?

इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन यांनी १८४० साली टपालाने लघुलेखन शिकवण्यास आरंभ केला. विद्यार्थी पोस्टकार्डावर बायबलमधील वचने लघुलिपीत उतरवून पाठवीत आणि ती दुरुस्त होऊन परत येत. ‘परत येत’ हे शब्द अधोरेखित करा. कार्ड पोहोचण्यास दिवस लागत, परंतु त्यावरील दुरुस्ती त्या एकाच विद्यार्थ्याच्या लेखनाची असे.

आता दुसरे टोक पाहा. २०११ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदवली, त्यांपैकी सुमारे २३ हजारांनी तो पूर्ण केला. तेवीस हजार ही संख्या लहान नव्हे. तरीही इतरांचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. कुतूहलापोटी नाव नोंदवणारे त्यांत पुष्कळ असतील. मात्र अडल्यावर कोणाशी बोलावे हे न कळलेलेही असणार.

या दोन उदाहरणांमधील फरक समजण्यासाठी मायकेल मूर यांची ‘व्यवहारात्मक अंतर’ ही संकल्पना उपयोगी पडते. मूर यांच्या मते दूरस्थ शिक्षणातील महत्त्वाचे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. ते शिकवणारा आणि शिकणारा यांच्या आकलनातील अंतर असते. संवाद वाढला की ते घटते. अभ्यासक्रमाची रचना आधीच घट्ट ठरलेली असून संवादास वाव नसेल, तर ते वाढते. आणि जितके अंतर अधिक, तितकी विद्यार्थ्याकडून स्वायत्ततेची अपेक्षा अधिक. या निकषावर पाहिले तर पिटमन यांचे पोस्टकार्ड आजच्या एखाद्या देखण्या ध्वनिचित्रफितीपेक्षा विद्यार्थ्याच्या अधिक जवळचे ठरते. साधन नवे म्हणून अंतर कमी, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो.

स्वीडिश अभ्यासक बोर्ये होल्मबर्ग यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. अध्ययनसाहित्य स्वतःच संभाषणासारखे असावे, वाचकाला थेट उद्देशून लिहिलेले असावे, असा आग्रह त्यांनी धरला. तुमच्या हातातील पुस्तिका ‘तुम्ही’ म्हणून तुमच्याशी बोलते, ती याच विचारपरंपरेतून.

‘आपण’ कोण?

मराठीत हा प्रश्न विशेष रंजक होतो. हिंदीतील ‘हम’ ऐकणाऱ्याला सामावून घेते की वगळते, हे केवळ त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत मात्र ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते आणि ‘आपण’ त्याला सामावून घेते. ‘या घटकात आम्ही बोलींचा विचार केला आहे’ असे वाचले की विचार करणारे कोणी वेगळे आणि तुम्ही वाचणारे वेगळे. ‘आपण बोलींचा विचार करू’ म्हटले की तुम्ही त्या कामात सहभागी झालात.

परंतु ‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुषीही आहे. ‘आपण हा उतारा वाचू’ आणि ‘आपण हा उतारा वाचाल’ यांत कर्ता कोण, हे क्रियापदाचा प्रत्यय सांगतो. ‘आपण हा उतारा वाचलात’ यातील ‘-त’ पुन्हा द्वितीय पुरुषाकडे बोट दाखवतो. ‘आपण हा उतारा वाचला’ येथे मात्र संदिग्धता राहते. वर्गात ती शिक्षकाच्या नजरेने वा हातवाऱ्याने मिटते. पडद्यावर ती तशीच शिल्लक राहते.

या ‘आपण’चा गैरवापरही होतो. ‘आता आपण स्वाध्याय लिहू या’ असे सांगणारा शिक्षक स्वतः काहीच लिहिणार नसतो; रुग्णाला ‘आता आपण इंजेक्शन घेऊ या’ म्हणणाऱ्या डॉक्टरांसारखेच ते आहे! अशा ठिकाणी साधे ‘तुम्ही लिहा’ अधिक प्रामाणिक वाटते.

ऑनलाइन व्यवस्थेत याहून खटकणारा प्रयोग म्हणजे कर्त्याचा लोप. ‘आपला स्वाध्याय स्वीकारला गेला आहे.’ कोणी स्वीकारला? समंत्रकांनी वाचून, की यंत्राने फाइल मिळताक्षणी? व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे, पण मूर ज्याला संवाद म्हणतात तो येथे घडलेला नाही. विद्यार्थी मात्र आपले लेखन कोणीतरी वाचले असे समजून आठवडाभर उत्तराची वाट पाहतो. ‘तुमची फाइल मिळाली. समंत्रकांनी ती अद्याप वाचलेली नाही’ अशी दोन वाक्ये त्याला वस्तुस्थिती तरी सांगतील.

शेऱ्यांचेही तेच. ‘विस्तार हवा’ या शेऱ्यात ना कर्ता, ना स्थळ. ‘दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही प्रमाणभाषा ही संज्ञा वापरली आहे, ती बोलीहून वेगळी कशी, हे एका उदाहरणाने दाखवाल का?’ या शेऱ्यात पोस्टकार्डावरील ती जुनी दुरुस्ती पुन्हा भेटते.

संवादाची दुसरी बाजू तुमच्याकडे आहे. ‘मला काहीच समजले नाही’ असे लिहिल्यास समंत्रकांना उत्तराचे टोक सापडत नाही. ‘समावेशक आणि वगळणारे हा भेद समजला, पण आमच्या बोलीत आपुन हा शब्द दोन्ही अर्थांनी येतो, तेव्हा काय समजावे?’ असा प्रश्न आला, तर शिकवणाऱ्यालाही विचार करावा लागतो. असा प्रश्न विचारण्यात संकोच करू नका. तुमची बोली समंत्रकांपेक्षा तुम्हाला अधिक माहीत आहे.

उपक्रम

तुमच्या अभ्यासक्रमासंबंधी गेल्या महिनाभरात मोबाइलवर आलेल्या पाच सूचना वहीत उतरवून घ्या. प्रत्येकीत कर्ता कोण, ‘आपण’ असल्यास तो कोणत्या पुरुषाचा, आणि उत्तर देण्यास वाव आहे की नाही, हे लिहा. त्यांपैकी सर्वांत दूरची वाटणारी सूचना, अर्थ न बदलता, तुमच्या शब्दांत पुन्हा लिहून स्वाध्यायासोबत पाठवा.