टॅब्लेटमधील सिमची कंपनी बदलताना: कुरुळीतील अनुभवाचे बोल

मोबाइल क्रमांक तोच ठेवून सेवा देणारी कंपनी बदलण्याच्या सोयीला दूरसंचार नियमांच्या भाषेत क्रमांक-पोर्टेबिलिटी म्हणतात, तर रोजच्या बोलण्यात ‘नंबर पोर्ट करणे’ म्हणतात. ही सोय 25 नोव्हेंबर 2010 रोजी हरियाणात आणि 20 जानेवारी 2011 रोजी देशभर सुरू झाली. त्या काळी मोबाइल क्रमांक म्हणजे फोनचा क्रमांक हेच गृहीत असल्यामुळे तिची सारी कार्यपद्धती एसएमएस पाठवू आणि वाचू शकणाऱ्या उपकरणाच्या आधारे ठरली. सिम बसणाऱ्या अनेक टॅब्लेटना हे गृहीतक लागू पडत नाही, कारण त्यांतील सिम केवळ इंटरनेटसाठी असते आणि कॉलची किंवा साध्या एसएमएसची सोय त्यांत नसते. टॅब्लेटच्या बाबतीत कंपनीबदल फसतो तो बहुधा याच ठिकाणी.

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी ओलांडून चाकणकडे जाताना लागणारे खेड तालुक्यातील कुरुळी हे गाव आता औद्योगिक पट्ट्याचाच भाग झाले आहे, आणि तेथील लहान कारखान्यांत व गोदामांत आत आलेल्या मालाची नोंद, चलनाचे फोटो, ई-वे बिल अशी कामे टॅबवर होऊ लागली आहेत. अशाच एका लघुउद्योगातील अनुभव येथे आधाराला घेतला आहे. त्यात कोणाची लबाडी नव्हती आणि कोणता नियमभंगही नव्हता. प्रत्येक पायरी नियमाप्रमाणेच पार पडली, फक्त पायऱ्यांचा क्रम चुकला.

स्टोअरमधील टॅबला शेडच्या आत रेंज मिळत नाही, ही तेथील मूळ तक्रार होती. महामार्गालगत उभे राहून दुसऱ्या कंपनीचा वेग तपासला गेला, तो उत्तम आढळला आणि तेवढ्यावर पोर्ट करण्याचा निर्णय झाला. पोर्टसाठी लागणारा आठ अक्षरांचा संकेत, म्हणजे युनिक पोर्टिंग कोड किंवा यूपीसी, मिळवण्यासाठी इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द, एक जागा सोडून दहा अंकी क्रमांक, असा एसएमएस त्याच सिमवरून 1900 या क्रमांकावर पाठवावा लागतो. टॅबमधून तो जाईना. सिम फोनमध्ये घालावे तर टॅब जुना असल्याने त्यातील कार्ड मायक्रो आकाराचे, म्हणजे 15 बाय 12 मिलिमीटरचे होते, आणि फोनचा खाचा 12.3 बाय 8.8 मिलिमीटरच्या नॅनो सिमचा होता. कंपनीच्या गॅलरीतून त्याच क्रमांकाचे नॅनो सिम बदलून घेतले गेले आणि येथे दुसरा अडथळा उभा राहिला: सिमच्या चोरट्या अदलाबदलीतून होणाऱ्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नियमानुसार, सिम बदलल्यानंतर सात दिवस यूपीसी दिला जात नाही.

पुढे यूपीसी मिळाला, पोर्टही झाले. पण नुकताच मारलेला रिचार्ज जुन्या कंपनीकडेच बुडाला, कारण प्रीपेड क्रमांकावरील शिल्लक रक्कम किंवा डेटा नव्या कंपनीकडे जात नाही. नवे सिम घातल्यावर टॅबवर रेंजच्या काड्या दिसू लागल्या, तरी इंटरनेट चालेना, कारण कोणीतरी पूर्वी हाताने भरलेले जुन्या कंपनीचे ॲक्सेस पॉइंट नेम, म्हणजे टॅबला कंपनीच्या डेटा-जाळ्याचे कोणते प्रवेशद्वार वापरायचे हे सांगणारे नाव, सेटिंगमध्ये तसेच राहिले होते. ते दुरुस्त केल्यावर अंगणात इंटरनेट सुरू झाले, शेडमध्ये मात्र पहिल्यापेक्षाही कमी रेंज मिळाली, आणि एकदा पोर्ट झालेला क्रमांक पुन्हा हलवण्यासाठी नव्या कंपनीकडे 90 दिवस काढावे लागतात, हे तेव्हा लक्षात आले. या सर्वांवर कडी म्हणजे, ज्या क्रमांकासाठी हा खटाटोप झाला तो ना बँकेत नोंदलेला होता, ना जीएसटीच्या खात्यात, ना कोणा ग्राहकाकडे. त्या क्रमांकावर कधी कोणी फोन केलाच नव्हता; इंटरनेटसाठी त्या टॅबला दुसरा कोणताही क्रमांक तितकाच चालला असता.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: हा क्रमांक नेमका कोणाला ठाऊक आहे? कोणालाच नसेल, तर पोर्ट करण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या कंपनीचे नवे प्रीपेड सिम घ्यावे, ते आधी टॅबमध्ये वापरून पाहावे आणि खात्री झाल्यावर जुने बंद पडू द्यावे. क्रमांक ओटीपीसाठी कोठे नोंदलेला असेल, तर त्याची जागा टॅबमध्ये नसून नेहमी जवळ राहणाऱ्या फोनमध्ये आहे. तो फोनमध्ये हलवावा आणि टॅबसाठी स्वतंत्र सिम किंवा फोनचा हॉटस्पॉट वापरावा.

दुसरी गोष्ट चाचणीच्या जागेची. रेडिओलहरी धातूच्या पत्र्यावरून परावर्तित होतात, त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये त्या मुख्यतः दारे, खिडक्या आणि छतातील पारदर्शक पट्ट्यांतून शिरतात. मनोरा दाराच्या दिशेला आहे की पाठभिंतीच्या, यावर शेजारशेजारच्या दोन शेडमधील रेंज निराळी ठरू शकते. त्यातही 700 ते 900 मेगाहर्ट्झच्या लहरी दूर पोहोचतात आणि विटांच्या भिंतींतून तुलनेने बऱ्या पार होतात, तर 2300 किंवा 3300 मेगाहर्ट्झच्या लहरी अधिक डेटा वाहू शकल्या तरी भिंतीपाशी लवकर क्षीण होतात. म्हणून दुसऱ्या कंपनीचे सिम, प्रत्यक्ष त्याच टॅबमध्ये, प्रत्यक्ष कामाच्या टेबलावर, आणि जमल्यास पाळी बदलताना शेकडो फोन एकदम चालू असण्याच्या वेळी तपासावे. टॅब परदेशातून आणलेला असेल, तर भारतातील फोर-जी सेवेत वापरले जाणारे 3, 5, 8 आणि 40 या क्रमांकांचे बँड, म्हणजे ठरावीक लहरपट्टे, त्यात आहेत का, हेही आधी पाहावे.

क्रमांक राखून कंपनी बदलणे खरोखरच आवश्यक असेल, तर क्रम असा असावा. सिमचा आकार आधी पाहावा आणि बदल लागणार असेल, तर सात दिवस हिशोबात धरावेत. 2024 च्या आयपॅड प्रोसारख्या काही टॅब्लेटमध्ये कार्डाचा खाचाच नसून केवळ ई-सिम चालते, हेही ध्यानात घ्यावे. रिचार्जची मुदत संपत आली असतानाच यूपीसी मागवावा. महाराष्ट्रात तो चार दिवस ग्राह्य असतो आणि फोनवरून विचारणाऱ्या कोणालाही तो सांगू नये. सिम कारखान्याच्या किंवा ठेकेदाराच्या नावावर असेल, तर अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचे पत्र लागते आणि पाच कामाचे दिवस जातात. व्यक्तीच्या नावावरील क्रमांकाला त्याच सेवाक्षेत्रात तीन कामाचे दिवस पुरतात. दूरसंचाराच्या महाराष्ट्र सेवाक्षेत्रात गोवा येतो, मुंबई मात्र वेगळी गणली जाते. त्यामुळे लातूरला किंवा अमरावतीला घेतलेले सिम कुरुळीत तीन दिवसांत पोर्ट होते, तर मुंबईच्या, बिहारच्या किंवा उत्तर प्रदेशातून कामाला आलेल्या कामगाराच्या सिमला पाच दिवस लागतात. विचार बदलल्यास अर्ज केल्यापासून 24 तासांच्या आत इंग्रजीत ‘कॅन्सल’ आणि क्रमांक असा एसएमएस 1900 वर पाठवून पोर्ट थांबवता येते. नवे सिम चालू झाल्यावर ॲक्सेस पॉइंट नेम तपासावे. जिओसाठी ते ‘जिओनेट’, तर बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’ असे, छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहितात.

यांतील कोणतीही पायरी अवघड नाही, पण त्यांचे मोल सारखे नाही. नव्या सिमची चाचणी फसली तर एक छोटा रिचार्ज वाया जातो, पोर्ट फसले तर तोच क्रमांक 90 दिवस अडकून पडतो. तेव्हा महामार्गावरची रेंज पाहून घाई करण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचे सिम आठवडाभर शेडमधल्या टेबलावर वापरून पाहणे स्वस्त पडते.