रॅम घ्यायला बारामतीला निघण्याआधी

बारामतीजवळच्या भवानीनगरात ऑनलाइन अर्ज भरून देणारं दुकान असो की घरातला मुलांच्या अभ्यासाचा पीसी, संथ झाला की 'रॅम वाढवा' हा सल्ला आजवर परवडायचा. २०२५च्या मध्यात ८ जीबीची डीडीआर४ पट्टी दीड-दोन हजारांच्या आसपास मिळत होती. वर्ष सरता सरता भाव दुपटीवर गेले, काही पट्ट्यांचे तिपटीवर. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्यांकडून येते आणि एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी बनवण्यात त्यांना जास्त पैसा दिसतो. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशल' या नावाने होणारी किरकोळ विक्रीच थांबवत असल्याचं जाहीर केलं. उसाला निदान सरकारने ठरवलेला किमान भाव, एफआरपी, असतो. रॅमचा भाव आठवड्यातही फिरतो.

तेव्हा दुकानात फोन लावून नुसतं 'रॅम केवढ्याला?' विचारू नका. आधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' उघडा. किती जीबी आहे, वेग किती, किती स्लॉट भरलेत, सगळं तिथे दिसतं. डीडीआर३, ४ की ५ ते पट्टीच्या लेबलवर असतं; खाच वेगळी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड. काही लॅपटॉपांत तर रॅम बोर्डावरच पक्की असते, जादा स्लॉट नसेल तर तिथे खर्चाचा प्रश्नच मिटतो.

मग त्याच मापाच्या पट्टीचा भाव एकाच दिवशी बारामतीतल्या दोन दुकानांत, पुण्यात आणि ऑनलाइन विचारा, तारखेसह लिहून ठेवा. खोक्यावरच्या एमआरपीवर मिळणारी 'सूट' मोजूच नका. भावात १८ टक्के जीएसटी धरलाय का, हे मात्र विचाराच: ४,००० सांगितले आणि कर वेगळा निघाला, तर बिल ४,७२० होतं. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराने धंद्यासाठी घेताना बिलावर आपला नंबर घालून घ्यावा, कराची वजावट मिळू शकते.

अर्ज, टायपिंग, टॅलीपुरतं ८ जीबी पुष्कळ. जुनी हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवा, फरक जास्त जाणवतो. तिचेही भाव चढलेत, पण पैसा सार्थकी लागतो. स्वस्तात वापरलेली पट्टी मिळत असेल, तर मशीन सोबत न्या, दुकानातच लावून चालवून पाहा आणि बदलून द्यायची मुदत बिलावर लिहून घ्या. तक्रारीची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण बिल हवं.